कुत्रा घेऊन तंबूत राहायचंय? फोनवरच्या 'चालेल की' वर जाऊ नका, आधी हे बघा

दिवाळी सरून थंडी पडली की पवना धरणाच्या काठावर, मुळशीत, वेल्ह्यात, भोरच्या बाजूला आणि जुन्नरकडच्या शेतांत तंबू लागायला सुरुवात होते. बुकिंगच्या फोनवर माणसं किती, जेवण व्हेज की नॉनव्हेज, शेकोटी मिळेल का, हे सगळं विचारून झालं की हल्ली आणखी एक प्रश्न येतो. "आमच्याबरोबर कुत्रा आहे, चालेल का?" समोरून बहुतेक वेळा उत्तर येतं, "चालेल की, आणा." सीझनचे दिवस, गिऱ्हाईक कोण सोडणार?

घोळ तिथूनच सुरू होतो. बुकिंगच्या अ‍ॅपवर 'पेट फ्रेंडली' असं लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा मालकानेच टिक करून टाकलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की कुत्र्याला गेटवर अडवणार नाहीत. ती जागा कुत्र्यासाठी बरी आहे का, हे तंबूवर नाही, तर तंबूच्या आजूबाजूला काय आहे त्यावर ठरतं. जंगलाची हद्द किती लांब, ऊस किती जवळ, कुंपण कसलं, गावात कुत्री किती, शेजारच्या रानात मेंढरं बसलीत का. हे शहरातल्या माणसाला मोबाइलवर दिसत नाही, गावच्या माणसाला मात्र न बघता सांगता येतं. म्हणून ही माहिती कुत्रा घेऊन फिरणाऱ्यांना जितकी लागेल, तितकीच शेतात तंबू लावणाऱ्यांनाही.

आधी अभयारण्याची हद्द

तंबूचं ठिकाण खासगी शेतात असलं तरी पाठीमागचा डोंगर वनखात्याचा असू शकतो. पुणे जिल्ह्यात भीमाशंकर आणि ताम्हिणी ही अभयारण्यं आहेत, बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या परिसरात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे आणि काजवे बघायला मे-जूनमध्ये लोक तिथेच गर्दी करतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यातला प्रवेश वनखात्याच्या परवान्यावर आणि त्यातल्या अटींवर असतो. पाळीव कुत्रा नेता येईल असं तिथे गृहीतच धरू नये. तंबूवाला काहीही म्हणो, नाक्यावर किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारल्याशिवाय कुत्रा आत नेऊ नये.

कारण नुसता कायदा नाही. मोकळा सुटलेला कुत्रा सशामागे, मोरामागे, भेकरामागे धावतो. शिकार म्हणजे फक्त बंदूक नाही, कायद्यातल्या व्याख्येत प्राण्याला हाकणं, पिटाळणंही येतं. दुसरं कारण रोगाचं. २०१८ साली गुजरातच्या गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले आणि त्यांतल्या काहींच्या तपासणीत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा कुत्र्यांमध्ये नेहमी आढळणारा रोग आहे आणि त्याची लस मिळते. इंदापूर-बारामतीकडच्या माळरानावर लांडगे आणि खोकड आहेत, तिथेही हीच भीती. भिगवणला उजनीच्या पाण्यावर पक्षी बघायला जाणाऱ्यांनी तर कुत्रा घरीच ठेवलेला बरा. एक कुत्रा काठाने पळाला की सगळा थवा उठतो, मग होडीवाल्याचीही सकाळ वाया जाते.

पवनेला उतरून लोहगड चढायचा बेत असतो, तसंच जुन्नरला राहून शिवनेरी. हे दोन्ही किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत. १९५९ च्या नियमांप्रमाणे संरक्षित स्मारकात देखभालीच्या कामाशिवाय जनावर नेता येत नाही. म्हणजे गडावर जाताना कुत्र्यापाशी कोणीतरी खाली थांबणार, हे घरूनच ठरवून निघावं.

बिबट्याच्या पट्ट्यात तंबू की खोली?

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर. या तालुक्यांतल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण पुण्या-मुंबईहून येणारा माणूस रात्री शेकोटीजवळ कुत्र्याला खुंटीला बांधतो आणि तंबूत झोपायला जातो. उसाच्या कडेला असं बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यासाठी वाढलेलं ताट.

ही नुसती भीती नाही. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा गोळा करून तो नेमकं काय खातो ते तपासलं होतं. तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनाचा हिशेब केला तर सगळ्यात मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. शेळ्या-मेंढ्यांचा वाटा त्याहून कमी.

तंबूचं कापड त्याला अडवत नाही. कुत्रं आत घेऊन झोपलं तर धोका कमी होत नाही, तो माणसांच्या अंगावर येतो, कारण आता कुत्रं आणि माणूस एकाच कापडामागे आहेत. म्हणून बागायती पट्ट्यात कुत्र्यासह राहायचं तर तंबू नकोच. विटांच्या भिंती आणि लागणारं दार असलेली खोली घ्यावी. अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत कुत्रं बाहेर काढू नये. काढायचंच झालं तर दोघांनी, बॅटरी घेऊन, आखूड पट्ट्यावर. कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्याकडे अशी एखादी खोली असतेच. "तंबू नको, खोली घ्या" असं त्याने स्वतःहून सांगितलं तर तो माणूस चार पैसे जास्त घेत असला तरी परवडला.

कुंपण आणि कुंपणातला करंट

"कंपाउंड आहे का?" एवढं विचारून भागत नाही. कसलं आहे ते विचारावं. दगडी बांध असेल तर कुत्रं उडी मारतं. काटेरी तारेखालून निघून जातं. जाळीचं, जमिनीत गाडलेलं कुंपण असेल तर उत्तम, पण ते थोड्याच ठिकाणी असतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेजारच्या शेतात रानडुकरांसाठी काय लावलंय. झटका मशीनचा धक्का क्षणभराचा असतो, त्याने कुत्रं केकाटून पळतं, सहसा मरत नाही. पण काही ठिकाणी थेट मेन लाइनचा करंट तारेत सोडलेला असतो. तो बेकायदा आहे, त्याने जनावरं मरतात आणि माणसंही मरतात. डुकरांचे फासेही तसेच. हे बुकिंगच्या पानावर कोण लिहिणार? मालकाला मात्र आपल्या शिवारात कोण काय करतं ते माहीत असतं, आणि पाहुण्याला "त्या बांधाच्या पलीकडे कुत्रं जाऊ देऊ नका" एवढं सांगायला काहीच लागत नाही. फवारणी झालेलं रान, गोठ्यात ठेवलेलं उंदराचं औषध, युरियाची फुटकी गोणी हेही त्याच यादीत.

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घाटाखाली आणि रिकाम्या रानांत फिरत असतात. मेंढरं बसवलेल्या शेताजवळ तंबू असेल तर शहरातलं कुत्रं मेंढरांमागे लागतं आणि मग वाड्याची राखणीची कुत्री त्याच्यामागे. यात पाहुण्याच्या कुत्र्याचं काही खरं नसतं. मेंढरू जखमी झालं तर भरपाई पाहुण्याने द्यायची हे उघड आहे, पण भांडण होतं ते तंबूवाल्याच्या दारात. गावच्या कुत्र्यांचंही तसंच. रोज त्या उकिरड्यावर जगणाऱ्या चार कुत्र्यांना नवा गडी खपत नाही. मालकाची स्वतःची कुत्री असतील तर पाहुणे येण्याआधी ती बांधलेली असावीत.

धरणाचा काठ

फोटोत सगळ्यात छान दिसतो तो पाण्याचा काठ. पण कुत्र्यासाठी काठापेक्षा दोनशे-तीनशे पावलं वरचं शेत बरं. पाणी उतरल्यावर काठाला गाळ उघडा पडतो, वरून सुकलेला आणि आत पोटरीभर. त्यात कुत्रं रुततं, त्याला काढायला माणूस उतरतो आणि तोही रुततो. मासेमारीची जाळी आणि गळ काठाला पडलेले असतात. शिवाय पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडच्या लोकांच्या नळाला जातं. कुत्र्याची घाण काठावर सोडणं हे तिथे राहणाऱ्यांना आणि ते पाणी पिणाऱ्यांना, दोघांनाही त्रासाचं. पिशवीत गोळा करावी, शेतमालकाने दाखवलेल्या खड्ड्यात टाकावी.

कोकणात जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर हिवाळा-उन्हाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि कुत्री ती घरटी उकरतात. या दिवसांत तिथल्या वाळूत कुत्रं मोकळं सोडू नये.

कॅराव्हॅन घेऊन येणारे

राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. तेव्हापासून अशा गाड्या गावाकडे अधूनमधून दिसतात. बहुतेक म्हणजे मोठ्या व्हॅनवर बांधलेलं घरच, पलंग, छोटं स्वयंपाकघर आणि संडास असलेलं. अशा पाहुण्याला जागा देणाऱ्याने तीन गोष्टी बघाव्यात. रस्ता आणि वळायला जागा, १५-१६ अँपिअरचा नीट अर्थिंग असलेला पॉइंट, आणि गाडीतलं सांडपाणी कुठे सोडायचं. ओढ्यात नाही, एवढं नक्की. काळ्या मातीत पाऊस पडून गेल्यावर ही गाडी उभी करू नये, ट्रॅक्टर लावूनही निघता निघत नाही.

कुत्र्याचा प्रश्न इथे वेगळा आहे. माणसं जेवायला, धबधब्याला जातात आणि कुत्रं 'गाडीत एसी आहे' म्हणून आत ठेवतात. खेड्यात लाइट जाते, एसी बंद पडतो. बाहेर ३० अंश असेल तर उन्हातल्या बंद गाडीत दहा-पंधरा मिनिटांत पारा ४० वर जातो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करावं लागतं. फेब्रुवारीनंतर गाडीत कुत्रं एकटं ठेवणारा पाहुणा दिसला तर मालकाने जाऊन सरळ सांगावं.

लस, गोचीड आणि चावा

मालकाने बुकिंगच्या वेळीच कुत्र्याच्या लसीच्या पुस्तकाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवावा. यात संकोच नको, चांगला कुत्रा पाळणारा लगेच पाठवतो. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची पहिली लस देतात, पुढे दरवर्षी. डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोची लस वेगळी असते. पाहुण्यानेही उलट विचारावं, "तुमच्या कुत्र्यांना लस दिलीय का?" भातखाचरातलं आणि डबक्यातलं पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नये, लेप्टो तिथूनच येतो. गोठ्याजवळ राहिलेल्या कुत्र्याच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघावी, घरी गेल्यावर आठवडाभर तरी. जेवण उरलं म्हणून कांदा-लसणाचा रस्सा किंवा शिजलेली कोंबडीची हाडं देऊ नयेत. गावची कुत्री खातात हे खरं, पण म्हणून ते पचतंच असं नाही.

कुत्रं कोणाला चावलं, पाहुण्याचं असो की गावचं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. चुना, हळद, मिरची काही लावायचं नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठायचं. खोल जखम असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते आहे का हे आधी फोन करून विचारलं तर फेरा वाचतो. कुत्र्याबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

शोधायचं कसं

नकाशावर जागा उघडून सॅटेलाइट दृश्य लावावं. ऊस, जंगल, पाणी, वस्ती सगळं दिसतं. मालकाने टाकलेले फोटो सोडून गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटो बघावेत, त्यांत कुंपण आणि मोकळी कुत्री दोन्ही सापडतात. रिव्ह्यूमध्ये 'डॉग' शब्द टाकून शोधावं. मग फोन करावा आणि असं बोलावं: "दादा, रात्री कुत्र्याला कुठे ठेवायचं?" ज्याच्याकडे याआधी कुत्री येऊन गेली आहेत त्याच्याकडे याचं उत्तर तयार असतं. "बांधा की कुठेही" असं उत्तर आलं तर दुसरी जागा बघावी.

तंबूवाल्यांनीही कुत्रेवाल्यांसाठी एक-दोन जागा इतरांपासून लांब, गोठ्यापासून दूर ठेवाव्यात आणि एका वेळी दोनपेक्षा जास्त कुत्री घेऊ नयेत. ज्यांना जमत नाही त्यांनी सरळ नाही म्हणावं. शेजारच्या तंबूत लहान मुलं असली तर पाहुण्यांना आधी विचारलेलं चांगलं. कृषी पर्यटन केंद्राची २०२० च्या धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केलेली असेल तर नियमांचा कागद भिंतीवर लावताना त्यातच कुत्र्याचे नियमही लिहावेत, तोंडी सांगितलेलं रात्री कोणाला आठवत नाही.

जनावर आजारी पडलं किंवा जखमी झालं तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. बिबट्या दिसला तर वनखात्याच्या हॅलो फॉरेस्ट, १९२६ वर फोन करावा. धरणाच्या आणि डोंगराच्या बाजूला रेंज जाते, म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आणि रस्ता निघण्याआधीच लिहून घ्यावा.