मुक्त दादरा आणि नगर हवेली

दादरा आणि नगर हवेली या दोन वसाहती पोर्तुगिजांच्या हातून सुटल्यावर एकत्र येऊन झालेला स्वयंशासित प्रदेश (१९५४–६१). क्षेत्रफळ सुमारे ४९० चौ. किमी.; गावे ७२; मुख्य ठाणे सिल्व्हासा. ही सात वर्षे तेथे पोर्तुगालची सत्ता नव्हती आणि भारताचीही कायद्याने नव्हती. या प्रदेशाच्या उगमाशी आणि मुक्तीशी, दोन्हींशी पुण्याचा संबंध आहे.

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या काळात पोर्तुगिजांना आपल्या बाजूला ठेवणे पुण्याच्या पेशवे दरबाराला गरजेचे होते. १७७९ च्या तहात त्यांना वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे तोडून देण्याचे ठरले. मराठा आरमाराने धरलेल्या एका पोर्तुगीज जहाजाची भरपाई हेही त्यामागचे एक कारण होते. १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी गावे नेमून दिली गेली. देणगी सरंजामाची होती, म्हणजे वसूल पोर्तुगिजांचा आणि मुलूख मराठ्यांचा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर हा भेद सांगणारा धनीच उरला नाही. इंग्रजांनी पोर्तुगिजांना तेथील सत्ताधीश मानून व्यवहार केला.

भारत स्वतंत्र झाल्यावर पोर्तुगिजांच्या ताब्यातील दमणहून येथे यायचे तर भारताची हद्द ओलांडावी लागे. पोर्तुगालची ही अडचण सत्याग्रही आणि सशस्त्र अशा दोन्ही गटांनी हेरली. भारत सरकार लष्कर पाठवायला तयार नव्हते. पुण्यात राजाभाऊ वाकणकर, संगीतकार सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे आदींनी तरुण जमवले. हत्यारांच्या पैशासाठी हिराबागेच्या मैदानावर लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला. बंदुकांसाठी गाण्याची बैठक भरवणे हे पुण्यालाच सुचू शकते.

प्रत्यक्ष लढ्याची सुरुवात मात्र पुणेकरांनी केली नाही. २१ जुलै १९५४ च्या रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सने दादरा घेतले. या चकमकीत पोलीस अधिकारी अनिसेतु रोझारियो मारला गेला. आठवड्याभरात नरोली पडले. नगर हवेलीत गोदावरी व शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखालील कम्युनिस्ट आणि वारली आदिवासीही उतरले होते. पुण्यातल्या आठवणींत हे दोन्ही गट बहुधा मागे ढकलले जातात. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या पुण्याहून गेलेल्या स्वयंसेवकांनी सिल्व्हासा घेतले. पुढे पोर्तुगालच्या तुरुंगात वर्षानुवर्षे राहिलेले मोहन रानडेही या मोहिमेत होते. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो खानवेलकडे माघारला आणि ११ ऑगस्टला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला.

कारभार स्थानिक प्रतिनिधींच्या वरिष्ठ पंचायतीकडे आला. विलीनीकरण लगेच झाले नाही. भारताला लष्करी आक्रमणाचा ठपका नको होता, आणि डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. पोर्तुगालचे म्हणणे असे की, या गावांपर्यंत जाण्याची वाट भारताने अडवली. भारताने मराठ्यांच्या तहापर्यंत मागे जाऊन उत्तर दिले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मराठ्यांनी दिलेला हक्क महसुलापुरताच होता हे मान्य केले. मात्र इंग्रजांनी पोर्तुगालचे सार्वभौमत्व प्रत्यक्षात स्वीकारले होते, असेही म्हटले. नागरिक, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण मालापुरता वाटेचा हक्क पोर्तुगालला होता. फौज, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांसाठी नव्हता. भारताने या हक्काचा भंग केला नाही, असा निष्कर्ष निघाला. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या पुण्याच्या दरबारी कागदावर हेगमध्ये न्यायाधीशांनी असा कीस पाडला.

१२ जून १९६१ रोजी वरिष्ठ पंचायतीने भारतात सामील होण्याचा ठराव केला. करारावर सही करण्यासाठी प्रशासकीय सेवेतील के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते पंतप्रधान नेमण्यात आले. दहाव्या घटनादुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून हा केंद्रशासित प्रदेश झाला. गोवा, दमण आणि दीव त्यानंतर चार महिन्यांनी लष्करी कारवाईने आले. २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली व दमण-दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश आहे.