व्हिस्बी वर्ग (युद्धनौका)

व्हिस्बी वर्ग हा स्वीडनच्या आरमारातील रडारला सहजासहजी न सापडणाऱ्या, म्हणजेच ‘स्टेल्थ’ तंत्राच्या पाच कॉर्व्हेट नौकांचा वर्ग आहे. बाल्टिक समुद्रात गस्त घालणे, पाणबुड्यांचा माग काढणे, सागरी सुरुंग शोधणे आणि शत्रूच्या जहाजांवर हल्ला करणे ही या नौकांची प्रमुख कामे होत. गॉटलंड बेटावरील व्हिस्बी या प्राचीन बंदर-नगराच्या नावावरून पहिल्या नौकेचे व तिच्यावरून संपूर्ण वर्गाचे नामकरण झाले.

== पार्श्वभूमी ==

स्वीडनचा पूर्व किनारा हजारो लहानमोठ्या बेटांनी व खडकांनी व्यापलेला आहे. तेथील पाणी उथळ आणि जलमार्ग अरुंद असल्यामुळे परकी पाणबुड्यांना लपण्यास भरपूर वाव मिळतो. २७ ऑक्टोबर १९८१ रोजी एक सोव्हिएत पाणबुडी कार्ल्सक्रोना येथील आरमारी तळाजवळ खडकावर अडकली. स्वीडनमध्ये ती ‘यू १३७’ या नावाने ओळखली गेली. तटस्थ राष्ट्राच्या प्रमुख नाविक तळाच्या उंबरठ्याशी परकी पाणबुडी सापडल्याने देशात खळबळ उडाली. त्या दशकात अशा घुसखोरीचे संशय वारंवार व्यक्त होत राहिले. उथळ पाण्यात वेगाने हिंडणाऱ्या आणि स्वतः शत्रूच्या नजरेस न पडणाऱ्या नौकांची निकड त्यातून अधिक तीव्रतेने जाणवू लागली.

१९९१ मध्ये जलावतरण झालेल्या ‘स्मिगे’ या प्रायोगिक नौकेवर स्टेल्थ तंत्राच्या चाचण्या घेण्यात आल्या. या प्रयोगांतून मिळालेले ज्ञान व्हिस्बी वर्गाच्या आराखड्यात उपयोगी पडले.

== रचना ==

प्रत्येक नौकेची लांबी सुमारे ७३ मीटर, रुंदी १०.४ मीटर आणि विस्थापन सुमारे ६४० टन आहे. नौकेचा सांगाडा पोलादाचा नाही. पीव्हीसी फेसाच्या गाभ्याच्या दोन्ही बाजूंना कार्बन तंतू व व्हिनाइल एस्टर राळ यांचे थर बसवून तो तयार केला आहे. त्यामुळे नौका वजनाने हलकी तर झालीच, शिवाय तिचे चुंबकीय अस्तित्वही अत्यल्प राहिले. लोखंडाच्या चुंबकत्वाने स्फोट पावणाऱ्या सुरुंगांपासून बचाव होण्यास याचे साहाय्य होते.

== स्टेल्थ तंत्र ==

स्टेल्थ म्हणजे अदृश्यता नव्हे. जवळून पाहणाऱ्याला ही नौका इतर कोणत्याही नौकेसारखीच दिसते. शत्रूच्या उपकरणांना तिचा सुगावा शक्य तितक्या उशिरा लागावा, एवढाच या तंत्राचा हेतू आहे. त्यासाठी पुढील उपाय योजलेले आहेत :

* रडार : नौकेचे पृष्ठभाग सपाट व तिरके आहेत. त्यांच्यावर आदळलेल्या रडारलहरी मूळ दिशेने न परतता अन्यत्र परावर्तित होतात. तोफेची नळी वापरात नसताना तोफघुमटीत दुमडून ठेवता येते, तर क्षेपणास्त्रे झडपांआड ठेवलेली असतात.
* उष्णता : यंत्रांतून निघणारा तप्त धूर उंच धुराड्यातून न सोडता नौकेच्या मागील बाजूस पाण्याच्या पातळीलगत सोडला जातो.
* ध्वनी : पंख्यांऐवजी पाण्याचा झोत मागे फेकणारी यंत्रणा वापरल्यामुळे पाण्याखाली होणारा आवाज कमी राहतो.

विरोधी उपाय न योजताही खवळलेल्या समुद्रात सुमारे १३ किलोमीटर आणि शांत समुद्रात सुमारे २२ किलोमीटर अंतरापर्यंत आल्यावरच ही नौका शत्रूच्या रडारला सापडते, असे सांगितले जाते.

== यंत्रणा व शस्त्रास्त्रे ==

जलद प्रवासासाठी चार गॅस टर्बाइन आणि संथ गस्तीसाठी दोन डिझेल इंजिने बसवलेली आहेत. नौकेचा कमाल वेग ३५ नॉटहून अधिक आहे. नौकेवर सुमारे ४३ जण काम करतात.

शस्त्रसंभारात ५७ मिलिमीटर व्यासाची बोफोर्स तोफ, जहाजविरोधी आठ आरबीएस १५ क्षेपणास्त्रे आणि पाणबुडीविरोधी पाणतीर यांचा समावेश होतो. पाणबुड्यांच्या शोधासाठी सोनार यंत्रणा असून मागील सपाट भागावर हलके हेलिकॉप्टर उतरू शकते.

== बांधणी व विलंब ==

या नौका कार्ल्सक्रोना येथील कोकुम्स गोदीत, म्हणजे १९८१ ची घटना जेथे घडली त्याच परिसरात बांधण्यात आल्या. (२०१४ मध्ये साब या कंपनीने कोकुम्स विकत घेतली.) सहावी नौकाही नियोजित होती, परंतु ती रद्द झाली. पाच नौका व त्यांच्या जलावतरणाची वर्षे अशी :

* व्हिस्बी (के ३१) – २०००
* हेल्सिंगबोर्ग (के ३२) – २००३
* हेर्नेसांद (के ३३) – २००४
* न्यूशोपिंग (के ३४) – २००५
* कार्लस्टाड (के ३५) – २००६

जलावतरण आणि प्रत्यक्ष सेवा यांत मोठे अंतर पडले. पहिल्या दोन नौका, हेल्सिंगबोर्ग व हेर्नेसांद, डिसेंबर २००९ मध्ये सेवेत दाखल झाल्या. दरम्यान शीतयुद्ध संपले होते आणि संरक्षणखर्चात काटछाट झाली होती. मूळ योजनेत विमानविरोधी क्षेपणास्त्रांसाठी जागा राखलेली असूनही ती बसवली गेली नाहीत. परिणामी हवाई हल्ल्यापासून संरक्षणाची मुख्य भिस्त तोफेवरच राहिली. ही या वर्गातील सर्वांत ठळक उणीव मानली जाते.

== सेवाकाळ ==

ऑक्टोबर २०१४ मध्ये स्टॉकहोमनजीकच्या द्वीपसमूहात परकी पाणबुडीचा संशय आल्याने मोठी शोधमोहीम राबवण्यात आली. तीत व्हिस्बी सहभागी होती. पाणबुडी हाती लागली नाही. मात्र घुसखोरी झाली होती, असा निष्कर्ष स्वीडिश लष्कराने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहीर केला. तीन दशकांपूर्वी ज्या भीतीतून या नौकांची कल्पना बळावली, ती भीती अद्याप सरलेली नाही, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

२०२३ मध्ये या पाचही नौकांसाठी ‘सी सेप्टर’ विमानविरोधी क्षेपणास्त्रांची मागणी नोंदवण्यात आली. ७ मार्च २०२४ रोजी स्वीडन नाटोचा सदस्य झाला आणि दोन शतकांची लष्करी अलिप्तता संपुष्टात आली. एकट्या देशाच्या किनाऱ्यासाठी आखलेल्या या नौका आता संपूर्ण बाल्टिक समुद्राच्या सामूहिक संरक्षणाचा भाग बनल्या आहेत.