गोठलेल्या पाण्यातील निळा रंग : जलयोजित इलेक्ट्रॉनच्या शोधाचा मागोवा

क्ष-किरण अथवा गॅमा किरणांमुळे पाण्याच्या रेणूतून सुटलेल्या इलेक्ट्रॉनचे पुढे काय होते? १९५० च्या दशकात बहुतेक अभ्यासक किरणित पाण्यातील क्षपणक्रियांचे श्रेय हायड्रोजन अणूला देत असत. वस्तुतः प्लाट्झमन यांनी १९५३ मध्येच, पाण्याच्या रेणूंनी वेढलेला इलेक्ट्रॉन काही काळ टिकेल व दृश्य प्रकाश शोषील, असे भाकीत केले होते. द्रवरूप अमोनियात सोडियम विरघळवल्यावर दिसणारा निळा रंग तर एकोणिसाव्या शतकापासून परिचित होता, आणि तो इलेक्ट्रॉनमुळे येतो हे क्राउस यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी मांडले होते. तरीही पाण्याच्या बाबतीत हा दुवा जुळण्यास विलंब लागला, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

विलंबाचे एक कारण आयुर्मानात आहे. द्रवरूप पाण्यात हा इलेक्ट्रॉन जेमतेम काही सूक्ष्मसेकंद टिकतो. १९६२ मध्ये हार्ट व बोग यांनी इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक स्पंदाने पाणी किरणित करून सुमारे ७०० नॅनोमीटरजवळचे शोषण टिपले, तेव्हा वाद मिटला.

गोठलेल्या द्रावणात मात्र तोच इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसतो. सोडियम हायड्रॉक्साइडचे तीव्र जलीय द्रावण द्रव नायट्रोजनच्या तापमानाला (सुमारे −१९६° से.) काचेसारखे गोठते व गॅमा किरणांनी गडद निळे होते. शुद्ध बर्फाच्या नियमित स्फटिकात इलेक्ट्रॉन फारच थोडे अडकतात. काचसदृश घनाच्या अव्यवस्थित रचनेत मात्र त्यांना थांबण्याजोग्या पोकळ्या मिळतात. नमुना थोडा तापवला किंवा त्यावर प्रखर प्रकाश टाकला, की रंग उडतो.