विजेचे चुंबन

विटेनबर्गच्या विद्यापीठात गेऑर्ग मॅथियास बोझ नावाचा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक होता. १७४० च्या दशकात त्याने एक खेळ काढला. राळेच्या जाड वडीवर एखाद्या सुंदर स्त्रीला उभे करावयाचे, काचेचा गोळा हातांनी घासून निर्माण केलेली वीज तिच्या अंगात भरावयाची, आणि मग जमलेल्या तरुणांना सांगावयाचे की, ज्याची छाती असेल त्याने हिचे चुंबन घ्यावे. ओठ टेकण्यापूर्वीच मधल्या पोकळीत ठिणगी उडे आणि नायक मागे सरे. प्रणय आणि वीज यांची गाठ पडल्याची ही पहिली प्रसिद्ध हकीकत. वीज ही काय वस्तू आहे हे तेव्हा कोणासच नीट ठाऊक नव्हते. पण ती अंगाला झोंबते, आणि ते झोंबणे गोडही असू शकते, हे लोकांनी चटकन ओळखले!

त्या घासलेल्या काचेतून निघणारा साठा अगदी थोडा, म्हणून बोझचा खेळ फारसा धोक्याचा नव्हता. १७४५-४६ मध्ये लायडनची बरणी आली आणि साठा वाढला. नोले या फ्रेंच धर्मगुरूने १७४६ साली व्हर्सायला राजासमोर १८० शिपायांना हातात हात धरून उभे केले, आणि बरणीचा झटका बसताच सारी रांग एकदम उसळली. अशीच एक रांग पुढे सिगो द ला फों याने पॅरिसात केली. तिची गोष्ट मला फार आवडते. माणसे साठ होती. झटका सहाव्या माणसाशी येऊन अडला. पुन्हा केले, पुन्हा तेथेच. मग कुजबूज सुरू झाली की, त्या गृहस्थात पुरुषत्वाची काही उणीव असावी, म्हणून वीज त्याच्यातून पुढे जात नाही. बिचाऱ्याचे काय झाले असेल कोण जाणे. मात्र सिगो कुजबुजीवर थांबला नाही. राजाच्या पदरी असलेले तीन खोजे गवई त्याने रांगेत उभे केले. झटका बसताच तिघेही इतरांसारखेच उडाले. अखेर उलगडा झाला तो पायाखाली. जमीन त्या जागी ओली होती, आणि वीज माणसाला सोडून मातीत उतरत होती. १७८० च्या दशकात त्याने ही हकीकत छापली. वीज कोठून येते आणि कोणत्या वाटेने जाते, एवढेच पाहावयाचे असते हे त्या ओल्या मातीने सांगितले. पुढच्या दोनशे वर्षांतील विक्रेत्यांनी मात्र गिऱ्हाइकाला नेमके तेच पाहू दिले नाही.

त्यांतला शिरोमणी म्हणजे एडिंबरोचा जेम्स ग्रॅहॅम. अमेरिकेत फिरताना फ्रँकलिनच्या प्रयोगांची वार्ता त्याच्या कानी पडली, आणि १७८० च्या सुमारास त्याने लंडनमध्ये आपले ‘आरोग्यमंदिर’ थाटले. वर्षभरात त्यात ‘दिव्य शय्या’ आली. बारा फूट लांब, नऊ फूट रुंद, काचेच्या चाळीस खांबांवर उभी. वर आरसे, खाली सुमारे १५ हंड्रेडवेट लोहचुंबक, भोवती सुगंध आणि संगीत. अपत्यहीन जोडप्याने एक रात्र येथे काढावी आणि ५० पौंड द्यावेत. या सगळ्यात वीज किती होती? मला वाटते, नाटकात पडद्यामागून वाजवलेल्या पत्र्यात पाऊस असतो तितकी. पुढे ग्रॅहॅम कर्जात बुडाला आणि १७९४ साली वारला.

एकोणिसाव्या शतकात हा थाट स्वस्त होऊन कमरेवर उतरला. पुल्व्हरमाखरच्या साखळ्या जस्त आणि तांब्याच्या होत्या. त्या शिरक्यात भिजवून अंगावर घालावयाच्या. ‘मादाम बोव्हारी’ कादंबरीतला औषधविक्या ओमे तशी साखळी घालतो आणि रात्री बायकोला दिपवून टाकतो. फ्लोबेरने एवढ्यात सारे सांगितले! १९०२ साली अमेरिकेत सिअर्स-रोबकच्या सूचिपत्रात पुरुषांची ‘गेलेली शक्ती’ परत आणणारा विजेचा पट्टा १८ डॉलरला होता.

विसाव्या शतकात वीज खरोखरच जोरदार झाली, आणि प्रश्न गंभीर झाला. रिलॅक्सॅसायझर नावाची पेटी अमेरिकेत लाखांनी खपली. दंडामांड्यांना गाद्या लावून स्नायू आकसावयाचे, म्हणजे अंग बारीक होते असा दावा. १९७० साली तेथील न्यायालयाने ती धोकादायक ठरवून विक्री बंद केली. हृदयाची लय बिघडणे, गर्भपात, अपस्मार, अशी कारणे पुढे आली. पुढे जुन्या पेट्या मिळवून त्यांचा शय्यागृहात उपयोग करणारेही निघाले. गाद्या छातीच्या दोन बाजूंना लावल्या तर वाट हृदयातून जाते, हे सारेच जाणत होते असे नाही.

आज प्रौढ जोडप्याने असे पहिले यंत्र घ्यावयाचे ठरवले, तर सिगोची तीच दोन बोटे तपासावीत. वीज कोठून? फक्त बॅटरीतून. आपल्या घरच्या भिंतीतील वीज २३० व्होल्टची आहे. ६० वॅटच्या दिव्यातून सुमारे २६० मिलिअँपिअर वाहते, आणि हृदय विसकटावयास त्यापेक्षा बरेच कमी, सुमारे १०० पुरते. हातास पकड सोडता येईनाशी होते ती तर दहा-पंधरातच. म्हणून स्वतः पेटी बांधण्याची हौस असणाऱ्यास मी एवढेच म्हणेन की, भिंतीत खुपसण्याचे काही बांधू नये. रोहित्र घातले म्हणून निश्चिंत होऊ नये. त्याचे वेष्टन जुने होते, फाटते. वेदना कमी करणारी टेन्स यंत्रे १९६५ सालच्या मेल्झॅक आणि वॉल यांच्या वेदनाविचारानंतर प्रचारात आली. ती बॅटरीवर चालतात आणि सूक्ष्म स्पंद देतात. नवशिक्यास ती साजेशी. स्पंद दोन्ही दिशांनी जाणारे असावेत. एकाच दिशेने वाहत राहणाऱ्या विजेने गादीखाली आम्ल व क्षार साचतात, आणि त्वचा भाजल्यासारखी होते.

वाट कोणती? कमरेच्या खाली, दोन्ही गाद्या जवळजवळ. छातीवर, मानेवर, एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत कधीच नाही. जोर शून्यावर ठेवून मगच गाद्या लावाव्यात, नि कळ हळूहळू फिरवावी. त्या पुरेशा रुंद, ओलसर आणि पूर्ण चिकटलेल्या हव्यात. कडेवरच टेकली तर सारी वीज त्या बिंदूतून जाऊन चटका बसतो. हृदयात पेसमेकर असणाऱ्याने, अपस्मार असणाऱ्याने, गर्भवतीने हा नाद करू नये. दुसऱ्याच्या हातात कळ असली तर आधी ‘थांब’ म्हटले की थांबायचे हे ठरवून घ्यावे. बोझच्या तरुणांना निदान पुढे जायचे की नाही हे ठरवता येत होते.