मारिएन्टालचे हरवलेले दिवस

'खिन्न मन आणि स्मरणशक्ती' हा विषय खरे म्हणजे डॉक्टरांचा. शाळा अर्ध्यावर सोडून कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने तो का घ्यावा, असे कोणाच्या मनात आले तर त्यात वावगे काही नाही. परंतु या प्रश्नाच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान प्रयोगशाळेत लिहिले गेलेले नाही. ते एका बंद पडलेल्या गिरणीच्या दारात लिहिले गेले, आणि गिरणीच्या दाराशी माझा संबंध जुना आहे.

ऑस्ट्रिया देशात, व्हिएन्ना शहराच्या आग्नेयेस, मारिएन्टाल नावाची कामगारवस्ती आहे. १८३० साली हेर्मान टोडेस्को याने तेथे कापसाची गिरणी काढली आणि गिरणीभोवती गाव वाढले. कामगारांचे वाचनालय होते, नाटके होत, फुटबॉलचा संघ होता. १९२९ साली मंदीची लाट आली आणि १९३० पर्यंत गिरणी पुरती थंडावली. गावात ४७८ कुटुंबे. त्यांतील बहुतेकांची चूल बेकारीच्या तुटपुंज्या मदतीवर आली.

त्याच सुमारास व्हिएन्नात पाउल लाझार्सफेल्ड नावाचा एक तरुण संशोधक कामगारांच्या फुरसतीचा अभ्यास करू पाहत होता. समाजवादी पुढारी ओटो बाउअर यांनी त्याला फटकारले, की लाखो लोक बेकार असताना फुरसतीचे कौतुक कसले, बेकारीचाच अभ्यास करा. (पुढाऱ्यांचे सल्ले नेहमीच असे उपयोगी पडत नाहीत, हा पडला.) लाझार्सफेल्ड, मारी याहोडा आणि हान्स त्साइझेल यांनी सहकाऱ्यांसह १९३१-३२ च्या हिवाळ्यात मारिएन्टाल गाठले. नुसते वही घेऊन हिंडायचे नाही, गावाच्या उपयोगी पडायचे, असा त्यांचा दंडक होता. त्यांनी जुने कपडे गोळा करून वाटले, डॉक्टरांची तपासणी ठेवली, कपडे बेतण्याचे वर्ग चालवले. हे करता करता ते पाहत होते, मोजत होते.

त्यांना काय दिसले? बेकारांसाठी वाचनालयाची वर्गणी माफ केली होती. आता वेळच वेळ, तेव्हा माणसे पुस्तकांवर तुटून पडतील अशी आपली समजूत. प्रत्यक्षात १९२९ ते १९३१ या दोन वर्षांत पुस्तकांची देवघेव जवळजवळ निम्म्याने घटली. रस्त्याने जाणारे पुरुष पुन्हा पुन्हा थांबत, रेंगाळत. १०० पुरुषांपैकी ८८ जणांजवळ घड्याळ नव्हते, आणि त्यांतील ३१ जणांचे ते घरी पडून होते. काही काम नसताना नवरा जेवायलादेखील वेळेवर येत नाही, ही गावातील बायकांची तक्रार होती.

आता माझ्या विषयाशी ज्याचा सरळ संबंध आहे ते सांगतो. संशोधकांनी लोकांना एक तक्ता दिला आणि काल सकाळपासून रात्रीपर्यंत तासातासाला काय केले ते लिहायला सांगितले. बायकांचे तक्ते गच्च भरून आले. पुरुषांना मात्र उठणे, जेवणे, निजणे एवढ्या तीन खुंट्या आठवत. त्यांच्यामधले तास कसे गेले ते सांगता येईना. मधल्या तासांत पाणी आणले असेल, लाकडे फोडली असतील, मुलाला हाक मारली असेल. पण एक दिवसही उलटला नाही तोच ते सगळे पुसट झाले होते.

येथे एक शंका रास्त आहे. ज्या दिवसात काही घडलेच नाही, त्या दिवसाचे आठवणार तरी काय? हा दोष मनाच्या खिन्नतेचा, की रिकाम्या दिवसाचा? मारिएन्टालच्या तक्त्यांवरून याचा निकाल लागत नाही, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. त्यांचे पुस्तक १९३३ साली लायपझिगला छापले गेले. ते साल हिटलरच्या सत्तारोहणाचे. लेखकांची नावे मुखपृष्ठावर येऊ शकली नाहीत. याहोडाबाईंना १९३६ साली ऑस्ट्रियाच्या हुकूमशाही सरकारने तुरुंगात घातले आणि पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. प्रश्न तेथेच पडून राहिला.

त्याचे उत्तर चाळीस-पन्नास वर्षांनी दुसऱ्याच वाटेने आले. १९७५ साली लॉइड आणि लिशमन या इंग्रज संशोधकांनी दाखवले, की नैराश्य जितके गडद तितकी दुःखाची आठवण रुग्णाला सुखाच्या आठवणीपेक्षा लवकर सापडते. रुग्णाचे आयुष्यच दुःखाचे असेल, असा आक्षेप कोणीही घेईल. तेव्हा १९८२ साली क्लार्क आणि टीझडेल यांनी एक सोपी युक्ती केली. दिवसाच्या ओघात ज्यांची मनःस्थिती बदलते, असे रुग्ण घेऊन त्यांच्या आठवणी दोन वेगवेगळ्या वेळी पाहिल्या. माणूस तोच, आयुष्य तेच; पण मन अधिक खिन्न असेल त्या वेळी दुःखाच्या आठवणी अधिक येत आणि सुखाच्या मागे राहत.

१९८६ सालचे काम मात्र मला सर्वांत मोलाचे वाटते. मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या रुग्णांना एकेक शब्द दिला आणि त्यावरून एका ठरावीक प्रसंगाची आठवण सांगायला लावली. समजा 'आनंद' हा शब्द. आपण म्हणू, धाकटीच्या बारशाला अमुक झाले. हे रुग्ण मात्र बहुधा म्हणत, घरी पाहुणे आले की बरे वाटायचे. प्रसंग विचारला तर उत्तर येई रिवाजाचे! सुखाच्या शब्दांच्या बाबतीत तर हे अधिकच. म्हणजे खिन्न मन आठवण जाळून टाकते असे नव्हे. ते दिवसांचे दाणे भरडून त्यांचे पीठ करते, मग त्यातला एक दाणा वेगळा काढता येत नाही. याची कारणे अशी सांगतात, की स्वतःविषयीच्या त्याच त्या विचारात शोध मध्येच अडकतो, किंवा बोचणाऱ्या तपशिलाजवळ जायचे मन टाळते, आणि शोध तडीला न्यायला लागणारी ताकद थकलेल्या मनात उरत नाही.

पुस्तकात हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमचे लोक आले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि पुष्कळांची नोकरी परत आली नाही. संघटनेत पडल्यावर मी यांतील कित्येकांशी बोललो, पुढे कंत्राटी कामगारांचे दावे चालवायला मदत केली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या काळात बडतर्फ कामगाराला मागील बारा महिन्यांत २४० दिवस काम केल्याचे दाखवावे लागे, आणि ते दाखवण्याचा भार त्याच्यावर असे. मालकाने हजेरीपट दिला नसेल तर त्याच्यापाशी असते काय? स्वतःची आठवण. आणि वर्ष-दोन वर्षे घरी बसून खचलेला माणूस सांगतो, "भाऊ, मी कायमच तिथं होतो. ते नेहमीच असं करायचे." कोर्टाला 'कायम' कळत नाही, 'नेहमी' तर त्याहून नाही. समोरचे वकील हसून म्हणतात, साक्षीदाराला काही ठाऊक नाही. माणूस खोटे बोलत नसतो, हे मी शपथेवर सांगेन.

अशा माणसाला तारीख आपण पुरवली तर ती त्याची राहत नाही. आठवण ही दर खेपेस नव्याने रचली जाते, हे बार्टलेट यांनी १९३२ सालीच केंब्रिजहून लिहून ठेवले होते. रचणाऱ्याच्या हातात परकी वीट देऊ नये. म्हणून आम्ही 'केव्हा' हा प्रश्नच आधी विचारत नाही. डब्यात काय असे, पाळीला शेजारी कोण असे, कामावर रात्र काढायची वेळ कधी आली का, असे विचारतो. बेल्जियममध्ये फिलिप रास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर खिन्न रुग्णांच्या एका लहान गटाकडून एकेक नेमका प्रसंग आठवण्याचा सराव करून घेतला; २००९ च्या त्यांच्या अहवालाप्रमाणे रुग्णांच्या आठवणी पुन्हा ठळक होऊ लागल्या.

आमचा एक हेल्पर असाच 'कायम, कायम' म्हणत बसला होता. कामावर रात्र काढली का, असे विचारताच तो थांबला. मग म्हणाला, पाणी छातीपर्यंत चढले होते, आम्ही सातजण पॅकिंगच्या टेबलावर बसून होतो, सुपरवायझरने बिस्किटाचे दोन पुडे फोडले. ती रात्र २६ जुलै २००५ ची, मुंबईत ती कोणाला सांगावी लागत नाही. त्या सातांची नावे त्याने घेतली, आणि त्या नावांच्या मागोमाग पाळ्या, पगाराचे दिवस, गणपतीची सुट्टी असे एकेक निघत गेले. उलटतपासणीत त्याला तीन वेळा फिरवून तेच विचारले. तिन्ही वेळा सात नावे त्याच क्रमाने आली.