पायातलं शिसं, बंदुकीतलं शिसं

सहल सिंधुदुर्गला गेली की मालवणच्या धक्क्यावरच कुणीतरी सांगतं, किल्ल्याच्या पायात उकळतं शिसं ओतलंय. 1664 साली कुरटे बेटावर काम सुरू झालं, तेव्हापासूनची ही सांगी. मुलं विचारतात, ‘सर, बेटावर एवढी मोठी भट्टी होती?’

भट्टी कशाला? शिसं 327 अंश सेल्सियसला वितळतं, लोखंडाला 1538 लागतात. लाकडाचा जाळ आणि लोखंडी कढई पुरे. (उकळतं मात्र नव्हे, वितळलेलं. उकळायला 1749 अंश हवेत!)

तोड्याच्या बंदुकीची गोळी शिशाची झाली तीही याच गुणामुळे. दोन फाळ्यांच्या साच्यात ओतायचं, थिजलं की उघडायचं, देठ कापायचा. छावणीतही जमणारं काम. शिवाय वजन पाहा : 16 मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी सुमारे 24 ग्रॅम भरते, तेवढीच लोखंडाची 17. जड गोळीचा वेग हवेत हळू घटतो. मऊ असल्याने नळी खरवडत नाही, आणि चेपलेली गोळी वितळवून पुन्हा ओतता येते.

पण शिसं यायचं कुठून? सतराव्या शतकात इंग्रज कंपनीची जहाजं ते सुरतेला आणून विकत. विकतच्या मालाचा हिशेब असतो. किलोभर शिशाच्या अशा एक्केचाळीस गोळ्या होतात. पायात ओतलं की तेवढ्या कमी!

वर्गात शिसं वितळवू नका, त्याची वाफ आणि भुकटी विषारी असते. मेण ओतून दाखवा. थिजताना तेही आकसतं, वर खळगा पडतो. साच्याला देठ का ठेवतात, ते मुलांना तिथेच कळेल.