तारापूरचे अगंज पोलाद आणि नायट्रोजनाचे दुहेरी कार्य

डहाणू व तलासरी तालुक्यांच्या पट्ट्यातील लोहार कोयता तापवून लाल करतो, पाण्यात बुडवितो आणि त्यास 'पाणी देतो'. पोलाद कठीण करण्याची ही रीत पुरातन होय. याच किनाऱ्यावर डहाणूच्या दक्षिणेस असलेल्या तारापूर अणुवीज केंद्रातील अगंज पोलादास मात्र ती लागू पडत नाही. सुमारे 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल असलेले हे पोलाद तापवून पाण्यात विझविले असता कठीण न होता उलट मऊच राहते. मग त्यास बळकटी आणावयाची कशी, आणि ती आणताना गंजरोधकता कशी राखावयाची, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत अॅडॉल्फ मॅकलेट यांनी, व पुढे जर्मनीत क्रुप कारखान्यातील अॅडॉल्फ फ्राय यांनी, अमोनिया वायूत पोलाद तापवून त्याच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरविण्याची पद्धत सिद्ध केली. हेच नायट्राइडीकरण होय. सामान्यतः 500 ते 580 अंश सेल्सियस तापमानास होणाऱ्या या क्रियेने अगंज पोलादावर 1000 व्हिकर्सहून अधिक काठिण्याचे कवच येते. मूळ धातूचे काठिण्य 200 च्या आसपास असते. परंतु या तापमानास नायट्रोजन क्रोमियमशी संयोग पावतो. गंजास रोखणारा ऑक्साइडाचा पातळ पापुद्रा ज्या क्रोमियममुळे टिकतो, तेच अशा रीतीने खर्ची पडते. काठिण्य लाभते, पण गंजरोधकता उणावते.

तारापूरसाठी 1964 मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी करार झाला व 28 ऑक्टोबर 1969 रोजी दोन्ही घटकांपासून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. उकळत्या पाण्याच्या या जातीच्या अणुभट्ट्यांत, नियंत्रण दांडे वर-खाली करणाऱ्या यंत्रणेतील सरकत्या नळ्यांना नायट्राइडीकरणाचे कवच देण्याची पद्धत रूढ झाली. तेथे झिजेचे भय मोठे होते. म्हणून गंजरोधकतेतील काही घट पत्करणे इष्ट ठरले.

मोठ्या नळ्यांच्या बाबतीत मात्र तशी घट कोणी जाणूनबुजून पत्करली नव्हती. वितळजोड करताना जोडालगतचा भाग 450 ते 850 अंशांच्या टप्प्यातून जातो. तेव्हा कार्बन व क्रोमियम यांचे संयुग कणसीमांवर साचते व लगतच्या भागातील क्रोमियम घटते. अशा जागी ताण व उष्ण पाणी यांचा संयोग झाला की कणसीमांवरून तडे जातात. 1974 मध्ये अमेरिकेतील ड्रेस्डेन केंद्रात असे तडे आढळले आणि या जातीच्या सर्वच अणुभट्ट्यांपुढे प्रश्न उभा राहिला. कवचातील नायट्राइड असो वा कणसीमेवरील कार्बाइड, चोरी एकाच द्रव्याची होते, हे येथे लक्षात घ्यावे.

कार्बन 0.03 टक्क्याहून कमी करणे हा उपाय सुचला. पण कार्बन घटला की बळही घटते. ते भरून काढण्यासाठी धातुशास्त्रज्ञांनी पुन्हा नायट्रोजनाचाच आधार घेतला. या वेळी तो कवचात नव्हे, तर थोड्या प्रमाणात संपूर्ण मिश्रधातूत विरघळविला. सुमारे 1050 अंशांपर्यंत तापवून त्वरित थंड केल्यास तो विरघळलेलाच राहतो व क्रोमियम शाबूत राहते. पृष्ठभागाच्या बाबतीतही हाच विचार फलद्रूप झाला. 1985 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातील झांग व बेल यांनी दाखविले की, विद्युत्‌विसर्गाच्या साहाय्याने सुमारे 400 अंशांसच नायट्रोजन मुरविला, तर क्रोमियम नायट्राइड न बनता कठीण आणि गंजरोधक असे कवच मिळते.

तारापूरचे पहिले दोन घटक 2020 मध्ये नूतनीकरणासाठी बंद ठेवण्यात आले. त्या कामात पुनरभिसरणाच्या प्रमुख नळ्या अधिक गंजरोधक पोलादाच्या बसविण्याचा समावेश होता. अर्ध्या शतकाच्या या अनुभवाचे सार असे की, नायट्रोजन स्वभावतः हितकर नाही व अहितकरही नाही. तो विरघळलेला राहिला तर बळ देतो, क्रोमियमशी संयोग पावला तर रक्षण हिरावतो. हा निर्णय तापमानावर व त्या तापमानास लागलेल्या वेळावर अवलंबून असतो. कोयत्याचा रंग पाहून तो पाण्यात केव्हा बुडवावा हे ठरविणाऱ्या लोहारास यातील निम्मे तत्त्व ठाऊकच होते.